सात नंबरचे जोड

काचेमागचा दिवा लागला आणि एक्स-रेच्या फिल्मवर मिस्त्रीचा जोड सगळ्यांसमोर उघडा पडला. काळपट पट्टी, मधोमध फिकी रेघ, आणि त्या रेघेत, डाव्या टोकापासून चार बोटांवर, केसांतल्या लिखांएवढे बारीक, पण काळे ठिपके.

"मोजा," तपासनीस मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रीनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. सतरा. पुन्हा मोजले. या वेळी एकोणीस भरले, म्हणून तिसऱ्यांदा मोजायच्या भानगडीत तो पडला नाही.

"फुगे," मॅडम म्हणाल्या. "जोड नापास. उकरून पुन्हा भरायचा."

"हे माझं काम नाही."

"मग शेजारी शिक्का कुणाचा आहे?"

शिक्का सात नंबरचा, म्हणजे त्याचाच होता. त्या कारखान्यात जाड पत्र्याच्या टाक्या बनत, आत वाफ कोंडून ठेवायच्या. प्रत्येक वेल्डरकडे बोटाएवढा पोलादी पंच असे, त्यावर त्याचा नंबर. जोड पुरा झाला की शेजारी पंच धरायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. बाकीचे नंबर या हातातून त्या हातात गेले, काही नोकरी सोडून गेले, एक तर परदेशी गेला. सात मात्र सव्वीस वर्षं मिस्त्रीकडेच होता. घाव खाऊन खाऊन त्या पंचाचं डोकं अळंबीसारखं पसरलं होतं.

नियम असा होता की एका महिन्यात तीन एक्स-रे नापास झाले, की पंच सुपरवायझरच्या खणात जायचा आणि वेल्डर मागच्या शेडमध्ये, जिन्यांच्या पायऱ्या आणि गटारांच्या जाळ्या जोडायला. तिथल्या कामाचा कुणी फोटो काढत नाही. हा महिन्यातला दुसरा नापास होता आणि तारीख होती चौदा.

स्वतःचा जोड उकरणं हे काम कसं असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मिस्त्री ग्राइंडर घेऊन बसला. वरचा थर गेला, चकचकीत धातू दिसला, एकही ठिपका नाही. दुसरा थर गेला. तिसऱ्या थरात ते सापडले, सुईनं टोचल्यासारखे, ओळीनं. त्यानं ग्राइंडर बंद केला आणि त्या भोकांकडे असा बघत राहिला, जणू ती आता आपण होऊन सांगतील की आम्ही इथे कशी आलो.

भोकं बोलली नाहीत. बाकी सगळे बोलले.

"वारा लागत असेल," एक म्हणाला. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंनी पडदे लावले. "अर्थिंग सैल असेल," दुसरा म्हणाला. त्यानं क्लॅम्प बदलला. "मास्कची काच जुनी झाली असेल," तिसरा म्हणाला. त्यानं काच बदलली. चौथ्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वय होतंच हो माणसाचं." त्या दिवशी मिस्त्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं नंबर तोच सांगितला आणि वर विचारलं, "इतकं बारीक कशासाठी बघायचंय तुम्हाला?"

आता ओला रॉड हे कारण मिस्त्रीला सुचलं नसेल, असं कुणी समजू नये. ते शिकाऊ पोरालाही सुचतं. जाड पत्र्याच्या जोडात वितळवून भरायला जो रॉड लागतो, त्याच्या वरचा लेप म्हणजे हावरट जिन्नस, मिळेल तिथून ओल पितो. ती ओल वितळलेल्या धातूत गेली की तिची वाफ होते, आणि धातू थिजला की ती आतच अडकते. म्हणून हे रॉड स्टोअरमधल्या ओव्हनमध्ये एकशे वीस डिग्रीवर रात्रंदिवस ठेवलेले असत. पहिला जोड नापास झाला तेव्हाच मिस्त्री स्टोअरच्या खिडकीशी गेला होता.

स्टोअर सांभाळणाऱ्याला सगळे किल्लीदार म्हणत. कंबरेला किल्ल्यांचा झुपका, चालला की आधी आवाज यायचा, मग तो. मिस्त्रीचा वीस वर्षांचा दोस्त. पण ओव्हनचं नाव काढताच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या ओव्हनवर संशय?" त्यानं वही खिडकीतून बाहेर सरकवली. "हे बघ. सकाळी आठ, एकशे वीस. दुपारी चार, एकशे वीस. एक दिवस गाळलेला दाखव. दाखव की!"

मिस्त्रीनं पानं उलटली. एकही दिवस गाळलेला नव्हता. अक्षरसुद्धा छान होतं.

"आणि वीस वर्षांनी येऊन मलाच विचारतोस," किल्लीदार म्हणाला. "त्यापेक्षा डबा आण इकडे. पित्ताचा माणूस तू, गार जेवशील आणि मग संध्याकाळी छाती चोळत बसशील."

मिस्त्री ओशाळला आणि डबा देऊन परत आला. तीन महिन्यांपूर्वी त्याला पित्तानं आडवं केलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, वेळेवर खा, गरम खा. त्यातलं 'गरम' बायकोनं असं काही पकडलं, की रोज संध्याकाळी चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "अहो, गरम होतं ना?" आणि रोज त्याला खरं उत्तर देता यायचं, कारण किल्लीदार सकाळी डबा ठेवून घ्यायचा आणि साडेबाराला खिडकीतून असा द्यायचा, की धरायला हातमोजा लागे. गरम डबा आयता हातात पडत असताना तो कशावर गरम होतो, याची चौकशी कोण करतो? किल्लीदाराकडे चहाची शेगडी होतीच.

सुपरवायझरचं मत वेगळं होतं. सुपरवायझर हा मिस्त्रीचा साडू. वयानं आठ वर्षं लहान, पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मानानं मोठा. घरी एक तोरा आणि कारखान्यात दुसरा, असे दोन तोरे त्याच्याकडे होते.

"मिस्त्री, तुमचीच वही सांगते," तो म्हणाला. मिस्त्रीजवळ खिशातली वही होती. कुठला जोड, कुठली टाकी, किती वाजता सुरू, किती वाजता पुरा. सव्वीस वर्षांची सवय. "पहिला नापास, दुपारी अडीच. दुसरा नापास, दुपारी दोन. सकाळचे सगळे पास. आता याचा अर्थ मी सांगू का?"

"सांगा साडूभाऊ."

"पोटभर जेवता आणि पेंगता."

"हातात पेटता रॉड घेऊन कोण पेंगेल?"

"तेच तर मी म्हणतोय. कोण पेंगेल?"

हे वाक्य रविवारी मेहुणीकडून बायकोपर्यंत पोचलं. बायको म्हणाली, "ताई म्हणत होती, तुम्हाला दुपारचं झोपायला होतं म्हणे." मिस्त्री त्या रात्री दहाला आडवा झाला आणि एकपर्यंत आढ्याकडे बघत पडला. झोपेचा आळ आलेल्या माणसाला झोपसुद्धा धड लागली नाही.

गुरुवारी तिसऱ्या टाकीचा शेवटचा जोड होता, टाकीच्या पोटाभोवती पूर्ण फेरा. सुपरवायझरनं जाहीर करून टाकलं की याचा एक्स-रे एका तुकड्याचा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत काढायचा. एरवी दहा जोडांत एखाददुसऱ्याचाच फोटो निघे. "म्हणजे मनात काही राहायला नको," तो म्हणाला. मनात काय राहायला नको, ते मिस्त्रीला नीट कळलं.

दुपारपर्यंत अर्धा फेरा झाला. सव्वाबारा वाजले. मिस्त्रीनं ठरवलं, आज जेवायचंच नाही. जेवलोच नाही तर पेंगेन कसा? रॉड ठेवायचं नळकांडं घेऊन तो स्टोअरच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "रॉड दे."

"आत्ता? पंधरा मिनिटांत जेवायची सुट्टी."

"दे म्हणतो ना."

किल्लीदार कुरकुरत आत गेला आणि मूठभर रॉड घेऊन आला. मिस्त्रीची एक खोड होती. नवा रॉड हातात आला की लेपावरून अंगठा फिरवायचा, कुठे टवका उडालाय का बघायला, आणि मग तोच अंगठा मिशीवरून. तसा तो फिरवला. आणि थबकला.

मिशीला लसणाचा वास आला.

हा वास नवा नव्हता. तीन महिने दुपारी त्याच्या मिशीला लसणाचा वास येत होता आणि तो समजत होता, जेवलो म्हणून. आज तो जेवला नव्हता. सकाळपासून त्यानं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. त्यानं रॉड नाकाशी धरला. रॉडला फोडणीचा वास होता.

मिस्त्री खिडकीवरून हलला, वळसा घालून दाराशी गेला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता स्टोअरमध्ये शिरला.

ओव्हनचं दार उघडंच होतं. बटण एकशे विसावरून सत्तरावर आणलेलं. आत वरच्या जाळीवर आठ डबे दाटीवाटीनं बसले होते, आणि खालच्या जाळीवर रॉड, डब्यांची वाफ अंगावर घेत. दाराच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब ओघळत होते.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

"डबे."

"ते दिसतंय मला!"

"मग विचारतोस कशाला? पुढचा तुझा. झाकण जरा तिरकं ठेवलंय, नाहीतर रस्सा उतू जातो." किल्लीदारानं फडकं घेतलं आणि दारावरचे थेंब मायेनं पुसले. "एकशे विसावर करपतं रे. म्हणून अकरा वाजता खाली आणतो, जेवण झालं की पुन्हा वर. चारला बघ, काटा बरोबर एकशे विसावर."

वही खोटी नव्हती. मधल्या वेळेचा आकडा वहीनं मागितलाच नव्हता.

"तीन महिने?"

"तुझं पित्त उठलं तेव्हापासून. आधी तुझा एकट्याचाच होता. मग लोकांनी बघितलं. तुझा ठेवतो आणि त्यांना नाही म्हणू? माणूस आहे मी."

"हा निळ्या झाकणाचा कुणाचा?"

"तुझ्या साडूचा. तुझ्या बायकोनंच सांगितलं ना तिच्या ताईला, आमच्या यांना तिथे गरम मिळतं म्हणून. दुसऱ्या दिवशी हजर."

"आणि ही चपटी डबी?"

किल्लीदारानं आवाज खाली आणला. "मॅडमची. गार खाल्लं की डोकं दुखतं त्यांचं."

मिस्त्रीला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडावं ते ठरेना. समोर उभा होता तो माणूस गेले तीन महिने त्याच्या पोटाची काळजी वाहत होता. बाकीचे वेल्डर तारेच्या मशीनवर, त्यांना रॉड लागतच नसे. हे रॉड फक्त तो एकटा वापरत होता. आठ जणांची जेवणं गरम होत होती, आणि त्यांची वाफ एका सात नंबरच्या जोडांत जाऊन बसत होती.

त्यानं ते रॉड तिथेच टेबलावर ठेवले आणि सरळ मॅडमच्या केबिनकडे निघाला. मागून किल्ल्यांचा झुपका धावत येत होता. "अरे, निदान जेवून तरी घे!"

केबिनमध्ये सुपरवायझर होताच. मिस्त्रीनं एका दमात सगळं सांगितलं.

"लसूण?" सुपरवायझर म्हणाला. "रिपोर्टमध्ये लसूण लिहायचा आता?"

"तुमच्याच डब्यातला असेल साडूभाऊ. ताईंचा हात सढळ आहे."

सुपरवायझरनं दार लोटून घेतलं आणि एकदम नात्यात आला. "हे बघा, डोकं शांत ठेवा. डबे आजपासून बंद. कोरडे रॉड घ्या, उरलेला फेरा पुरा करा, तो पास होईल. तिसरा नापास झालाच नाही तर तुमच्या पंचाला कोण हात लावतंय? महिना संपला की आधीचे दोन पुसले जातात. तुमचंच भलं सांगतोय."

भलं होतं, यात शंका नाही. मिस्त्रीला फक्त गप्प बसायचं होतं. पंच हातात राहणार होता, किल्लीदार वाचणार होता, घरी मेहुणीशी वाकडं येणार नव्हतं. त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली होती. तो उपाशी होता.

"आणि आवारात दोन टाक्या उभ्या आहेत, त्यांचं काय?" तो म्हणाला.

"त्या पास आहेत."

"दहांतला एक जोड पास आहे. बाकीच्यांचा फोटो कुणी काढलाय?"

"तुम्हाला कुणी विचारलंय का?"

मिस्त्रीनं खिशातली वही काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. "यात दुपारचे सगळे जोड आहेत. तीन महिन्यांचे. माझेच आहेत. शिक्का बघायला जायला नको."

मॅडमनी वही चाळली. त्या दाराशी उभ्या असलेल्या किल्लीदाराकडे वळल्या.

"माझी डबी कधीपासून होती?"

"तुम्ही आलात त्या आठवड्यापासून," किल्लीदार म्हणाला. "पण लहानशी आहे हो. तिची कितीशी वाफ होणार?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "वासावर मी काही लिहू शकत नाही. दोन पट्ट्या जोडा, मिस्त्री. एक डब्यांखालच्या रॉडनं, एक साडेतीनशे डिग्रीवर दोन तास भाजलेल्या रॉडनं. हात एकच, मशीन एकच. उरलेला फेरा आज थांबवा."

"शनिवारी गाडी येणार आहे!" सुपरवायझर ओरडला.

"गाडी परत जाईल."

शुक्रवारी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. भाजलेल्या रॉडची पट्टी धुतल्या पाटीसारखी स्वच्छ होती. दुसरीवर लिखा. मॅडमनी रिपोर्ट लिहिला आणि मिस्त्रीला वाचायला दिला. 'रॉडच्या ओव्हनमध्ये जेवणाचे डबे ठेवले जात होते. डबे आठ, पैकी एक तपासनीसाचा, एक सुपरवायझरचा.' खाली, 'शिक्का क्रमांक सात यावर दोष नाही.' मिस्त्रीनं ते वाक्य दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत त्याच्या नंबराबद्दल कुणी इतकं बरं लिहिलं नव्हतं. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. 'दुपारचे सर्व एक्केचाळीस जोड तपासावेत. दुरुस्ती, क्रमांक सात.'

"दोष नाही, मग दुरुस्ती मी का?"

"दुसऱ्या कुणाला येते?" मॅडम म्हणाल्या.

एक्केचाळीसांपैकी नऊ नापास निघाले. मिस्त्री ग्राइंडर घेऊन पुन्हा बसला. सुपरवायझर त्याच्याशी फक्त कामाचं बोलू लागला आणि तेही तिसऱ्याच माणसाकडे बघून. रविवारी मेहुणीचा फोन आला नाही. ओव्हनला वेगळं कुलूप बसलं आणि त्याची किल्ली मॅडमकडे गेली. किल्लीदाराच्या झुपक्यातली ती एकच किल्ली कमी झाली, पण तो असा चालायला लागला, जणू कंबरच हलकी झाली. पाच दिवस तो मिस्त्रीशी बोलला नाही. खिडकीतून रॉड द्यायचा, वही सरकवायचा, सही झाली की वही ओढून घ्यायचा. वहीत आता दर तासाचा आकडा होता.

डबा गार मिळू लागला. बायकोनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "अहो, गरम होतं ना?"

"नाही."

"का? किल्लीदार भावजी रजेवर आहेत का?"

"असू दे. मोठी गोष्ट आहे."

"गरम करून मागण्यात कसली आलीय मोठी गोष्ट? तुम्हाला ना, तोंड उघडायचा कंटाळा."

मिस्त्रीनं छाती चोळली आणि तोंड उघडलं नाही.

बुधवारी चौथा जोड भरून झाला. असा जाड जोड एकदम गार पडू द्यायचा नसतो, नाहीतर तडकतो. मिस्त्रीनं त्याला न जळणारी जाड पांढरी चादर गुंडाळली, कडा नीट खोचल्या आणि हात धुवायला गेला. चार मिनिटं, जास्त नाही. परत आला तर चादरीला पोट आलं होतं.

त्यानं चादर उचलली. आत त्याचा डबा होता, जोडावर उभा बसवलेला. तीन पुडांचा, थंडगार, आणि जोडाची सगळी ऊब शोषून घेत.

खांबामागे किल्ल्या वाजल्या.

"बाहेर ये!" मिस्त्री ओरडला.

किल्लीदार बाहेर आला. पाच दिवसांचा अबोला तोंडावर तसाच होता, पण नजर डब्याकडे होती. "जोड भरून झाला ना? मग आता त्याला काय होतंय? ऊब फुकटच चाललीय."

"फुकट? अरे, ती ऊब त्याचीच आहे! ती हळूहळू जायला हवी! तू त्याच्या छातीवर गार रस्सा आणून ठेवलास!"

"ओरडू नकोस, पित्त खवळेल."

"खवळलंय!"

"म्हणूनच म्हणतो, पाच मिनिटं ठेव. कुणी बघत नाही."

मिस्त्रीनं डबा उचलून त्याच्या हातात कोंबला, जोडाला खडूनं खूण केली आणि वर लिहिलं, 'फोटो पुन्हा काढणे'. म्हणजे आणखी एक दिवस वाया. मग चादर परत गुंडाळली, कडा पहिल्यापेक्षा घट्ट खोचल्या, आणि स्टूल ओढून टाकीला चिकटून बसला.

"आता काय?" किल्लीदारानं विचारलं.

"राखण."

"आणि जेवणार कधी?"

"आण इकडे."

त्यानं डबा मांडीवर उघडला. खालचा पूड जरासा कोमट झाला होता. त्याचा त्याला आणखीनच राग आला, आणि तो तेवढाच आधी खाल्ला. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी डबा हातात घेऊन टाकीच्या दिशेनं बघत उभा होता. मिस्त्रीनं तोंडातला घास तसाच ठेवून हातोडी उचलली आणि दुसऱ्या मांडीवर ठेवली.